डाग मशीनमध्ये असता तर

मार्चचा मध्य आला की हैदराबादेतल्या शाळा हाफ डे होतात. सकाळी आठला घंटा आणि साडेबाराला सुट्टी. सुट्टीनंतर नारायणगुड्याच्या गल्ल्या तासाभरात ओस पडतात, रसवंतीवाल्याच्या घुंगरांचा आवाज तेवढा उरतो. कडुलिंब फुललेला असतो. त्याची बारीक पांढरी फुलं फुटपाथवर, स्कूटरच्या सीटवर, पोरांच्या डोक्यात पडलेली असतात आणि उगादीच्या, म्हणजे इकडच्या पाडव्याच्या, आंबट-गोड-कडू पच्चडीसाठी बायका ती ओच्यात वेचत असतात. बाकीच्यांना ह्या कडवट गोड वासानं सण आठवतो. मला भीती वाटते. वास नाकात शिरला की मी नकळत डावा डोळा चोळते. चोळू नये असं बजावून सांगितलेलं असतानाही चोळते.

दोन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत माझ्या वर्गातल्या पडद्यावर एक डाग आला. तो डाग प्रोजेक्टरमध्ये आहे की माझ्या डोळ्यात, एवढाच प्रश्न होता. पाच आठवडे मी त्या प्रश्नाला बगल देत राहिले.

मी नारायणगुड्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. आमचं मूळ देगलूरकडचं, पण तीन पिढ्या इथंच गेल्या, त्यामुळे मी मराठीत बेरीज करते, इंग्रजीत शिकवते आणि भाजीवाल्याशी दखनीत भांडते. माझा उजवा डोळा लहानपणापासून मंद आहे. त्यानं उजेड कळतो, माणूस आला हे कळतं, कोण आलं ते कळत नाही. घरात कुणाला वेळेवर लक्षात आलं नाही आणि मग उपाय करायचं वय निघून गेलं. तेव्हापासून माझा सगळा कारभार डाव्या डोळ्यावर. त्यात आठ वर्षांपासून शुगर. डॉक्टर दरवर्षी डोळे तपासून घ्या म्हणायचे आणि मी दरवर्षी पेपर तपासत बसायचे.

वर्गाला काळे पडदे होते. ते ओढले की नववीचा तो वर्ग भर सकाळी अंधारून जायचा. छताला टांगलेला जुना प्रोजेक्टर घुर्र करून जागा व्हायचा आणि पहिली दोन मिनिटं तापलेल्या धुळीचा वास यायचा. त्या दिवशी मी आलेख दाखवत होते. दोन रेषीय समीकरणं, दोन सरळ रेघा, एक छेदनबिंदू. छेदनबिंदूकडे बघितलं तर तिथं करड्या रंगाचा एक पुसट डाग होता, ओल्या बोटानं शाई पुसल्यासारखा. आणि त्याच्या बाजूनं जाणारी रेघ किंचित वाकली होती. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग वर टांगलेल्या मशीनकडे बघून म्हणाले, “गेलं वाटतं हे.” पोरं हसली. मी हसले नाही.

कारण माझ्या वडिलांचं असंच गेलं होतं. शुगरनंच. म्हातारपणी ते नांदेडला राहायला गेले आणि तिथं त्यांची शेवटची चार वर्षं अंधारात गेली. सुरुवातीला ते पेपरची छपाई वाईट झाली म्हणायचे. मग बल्बला शिव्या द्यायचे. एकदा भर दुपारी अंगणात बसून त्यांनी मला विचारलं होतं, “लाईट गेली का गं?” मी हो म्हणाले होते. काय म्हणणार?

शाळेची मशीनं सुलतान बाजारजवळच्या दुकानातले रफिकभाई बघायचे. पन्नाशीचे, खिशात दोन स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात वेलदोडा. ते शिडीवर चढले, जाळी काढली, फुंकर मारली आणि त्यांच्या दाढीवर धूळ बसली. मी खालून एकेक तक्रार सांगत होते. उजेड कमी झालाय, रंग उडालेत, रेघ वाकडी येते, मध्ये डाग आहे. ते वरूनच मला मशीनची भाषा शिकवत होते. “लुमेन बोले तो रोशनी का नाप. डब्बे पे जो लिखते, उसपे नक्को जाओ. हजार लिखते, निकलती दो सौ.” दिव्याचे तास संपत आले की उजेड मंदावतो, हे त्यांनीच सांगितलं. काळ्या आणि पांढऱ्यातलं अंतर म्हणजे कॉन्ट्रास्ट, ते कमी झालं की चित्र धुतल्या कपड्यासारखं दिसतं. मशीन तिरपं टांगलं की चौकोनाचा समलंब चौकोन होतो, त्याला कीस्टोन म्हणतात. मला ते फार आवडलं. समलंब चौकोन ही तर माझीच वस्तू.

मग त्यांनी नुसता पांढरा पडदा लावला. उतरून माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “मेरेकू तो साफ दिखरा मॅडम.”

“बीच में देखो ना. अभी उधर था, अब इधर है.”

वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. “दाग मशीन में रहता तो एकीच जगा पे रहता मॅडम. घूमता नईं.” मग खालच्या आवाजात म्हणाले, “एक बार आँखाँ दिखा लेते क्या?”

मला इतका राग आला. आपल्याला मशीन दुरुस्त करता येत नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर बोट ठेवायचं! मी त्यांना म्हणाले की तीस वर्षं शिकवतेय, सरळ रेघ कशाला म्हणतात ते मला कळतं. त्यांनी मान हलवली, शिडी मिटली आणि “हौ मॅडम” म्हणून गेले. आता वाटतं, त्या माणसानं पहिल्या दिवशी, फुकट, बरोबर निदान केलं होतं. ते मला ऐकायचं नव्हतं, एवढंच.

त्या दुपारपासून मी अभ्यासाला लागले. दिलसुखनगरच्या आमच्या घरात दुपारी पडदे ओले करून सोडलेले, खाली कोचिंग क्लासच्या पोरांचा गलका, आणि मी मोबाईलवर प्रोजेक्टरच्या आजारांची यादी वाचतेय. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी एकेक शब्द उतरवून घेतला. मराठी शाळेत भूमिती शिकल्याची खोड जात नाही. वरच्या बाजूला मी चक्क लिहिलं होतं: पक्ष, पडद्यावर डाग दिसतो. साध्य, डोळा ठीक आहे. खाली सिद्धतेसाठी दोन पानं मोकळी सोडली होती. ती वही अजून आहे माझ्याकडे. अक्षर बघवत नाही, ओळी खाली घसरत गेल्यात.

आमचे हे बँकेतून रिटायर झाल्यापासून दुपारी माझ्याभोवती घुटमळतात. “काय लिहायलीस एवढं?” त्यांनी विचारलं.

“प्रोजेक्टरचं.”

“दुकान टाकायलीस का काय सुलतान बाजारात?”

मी हसले. खरं तर तेव्हा सांगता आलं असतं. ह्या माणसाला मी बत्तीस वर्षांत दुधाच्या पिशवीपासून सासूबाईंच्या आजारापर्यंत सगळं सांगितलंय. हे नाही सांगितलं. बोललं की ते खरं होईल असं वाटायचं. वहीत ठेवलं तोवर ते मशीनचं दुखणं होतं.

आणि ते शब्द इतके दयाळू होते! माझ्या प्रत्येक भीतीला तिथं एक नाव तयार होतं. अंधुक दिसतंय? दिव्याचे तास संपले असतील. रंग फिके? कॉन्ट्रास्ट. वर्तुळ लांबट दिसतंय? चार-तीनचं चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर ओढलं असेल, रुंदी-उंचीच्या त्या प्रमाणाला आस्पेक्ट रेशो म्हणतात. रेघ वाकडी? कीस्टोन. डाग? भिंगावर धूळ, किंवा आतले काही ठिपके, म्हणजे पिक्सेल, मेलेले. फिरणाऱ्या डागाला तेवढा शब्द सापडेना. दोन दुपारी शोधला, नाही सापडला. तेव्हा मी तो मुद्दा वहीतून गाळला. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

खोटं कशाला सांगू, तोवर तो डाग पडद्याबाहेरही आला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर यायचा. बसच्या नंबरवर यायचा. दिलसुखनगरहून येताना मी बसचा नंबर वाचायचा सोडून दिला होता, रोजचा कंडक्टर दिसला की चढायचे. बसचे आकडे खराब रंगवलेत, कॅलेंडर स्वस्तातलं आहे, अशी प्रत्येकाची वेगळी समजूत मी घालून ठेवली होती. डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात ते हेच. माझ्या बाबतीत ओढायची गरजही हळूहळू कमी होत चालली होती.

आम्हा शिक्षकांना ट्रेनिंगमध्येच एक गोष्ट शिकवतात. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न वर्गाला विचारायचा नाही. वर्ग हातातून जातो. मी तीस वर्षं हे पाळलं. पण हाफ डे सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी डाग इतका गडद होता की मी न राहवून पोरांकडे वळले. अंधारात चाळीस चेहरे. मी नुसतं ‘काय दिसतंय?’ असं विचारायला हवं होतं. मी काय विचारलं? “पडद्यावर मध्ये डाग दिसतोय ना सगळ्यांना?”

“यस मॅडम!” चाळीस गळ्यांतून एकदम आलं.

माझा जीव भांड्यात पडला. हसू येत होतं, रडू येत होतं. मी खडू घेऊन फळ्याकडे गेले आणि तो तास इतका छान शिकवला की मागच्या बाकावरच्यांनीही वही उघडली. घरी येताना रस्त्यात उसाचा रस प्यायले, शुगर असताना. रात्री गाढ झोपले. सिद्धतेची पानं भरली होती. माझ्या चाळीस साक्षीदारांनी डाग बघितला होता.

त्या ‘यस मॅडम’वर मी तीन आठवडे काढले.

ती सवय आम्हीच लावलेली. ‘समजलं का?’ यस मॅडम. ‘दिसतंय का मागं?’ यस मॅडम. परीक्षा तोंडावर, इंटर्नलचे मार्क मॅडमच्या हातात, अशा वेळी कुठलं पोर नो म्हणेल? हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच स्टाफरूममध्ये कितीदा म्हणाले असेन की आपली पोरं प्रश्न संपायच्या आत हो म्हणतात. त्या सकाळी मात्र मला त्यांचं हो हवं होतं.

वार्षिक परीक्षेला चार दिवस होते. सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला, आणि प्रज्ञा नावाची मुलगी दप्तर घेऊन तिथंच थांबली. तिचे आई-वडील परभणीकडचे, घरी मराठी, पण मराठी वाचता येत नाही ह्या पिढीतल्या बहुतेकांसारखं. माझ्याशी ती वर्गात इंग्रजी बोलायची. त्या दिवशी मराठीत बोलली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी शाळेबाहेरचं आहे.

“मॅडम, एक सांगू? तुम्ही रागावणार नाही ना?”

“सांग.”

“तो डाग नव्हताच की मॅडम. त्या दिवशी. सगळे यस म्हनले म्हणून मी पण यस म्हनले.” तिनं दप्तराचा पट्टा पिळला. “आणि मॅडम, परवा तुम्ही माझ्या पेपरमध्ये एक अख्खा सम तपासलाच नाही. अरुणचा पण. मधला मधला सुटलाय. मार्कासाठी नाही म्हणायलेय मी. माझ्या आजोबांचं असंच झालं होतं, म्हणून.”

आम्ही दाराबाहेर व्हरांड्यात उभ्या होतो. लख्ख दुपारची उन्हं. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, अंधार नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या दोन वेण्या दिसल्या, कान दिसले, हनुवटी दिसली. मध्ये चेहरा नव्हता. नाकाच्या, डोळ्यांच्या जागी तो करडा डाग होता. मी मान हलवली तर तो तिच्या खांद्यावर गेला, आणि खांदा नाहीसा झाला.

हातातल्या वह्या खाली पडल्या. पोर घाबरून वह्या गोळा करायला लागली आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिला काही बोलायला हवं होतं, थँक्यू तरी. मी फोन काढला आणि ह्यांचा नंबर लावायला गेले, तर अक्षरं दिसेनात. शेवटी प्रज्ञानंच फोन लावून दिला.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालतात आणि तासभर बसवून ठेवतात. सगळं जग चकाकत, वितळत असतं. ह्यांनी माझा हात धरला होता. आत तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कब से है ये?”

“एक-दो हफ्ते,” मी म्हणाले.

ह्यांनी हात सोडला नाही, पण माझ्याकडे बघितलं. दिसलं नाही मला, कळलं. मग मी म्हणाले, “पाच हफ्ते.” आणि रडायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा फोटो काढून पडद्यावर दाखवला. आतल्या पडद्याला सूज आली होती. सपाट असायला हवं तिथं टेकाड झालं होतं आणि म्हणून सरळ रेघा त्यावरून वाकून जात होत्या. माझ्या वहीतल्या सगळ्या शब्दांचा उगम त्या टेकाडात होता. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल म्हणाल्या. डोळ्यात, सुई. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की नखं दुखली. सूज उतरेल, जे ठिपके अजून जिवंत आहेत ते पुन्हा काम करतील, जे गेले ते गेले, असं त्यांनी समजावून सांगितलं. “थोडा जल्दी आते तो...” एवढं म्हणून त्या थांबल्या. चांगल्या होत्या बाई, वाक्य पुरं केलं नाही.

वहीत मी आणखी एक शब्द लिहून ठेवला होता, नेटिव्ह. मशीनच्या डब्यावर मोठमोठे आकडे असतात, एवढं बारीक चित्र चालेल, तेवढं चालेल. चालतं म्हणजे आत घेता येतं. पण दाखवताना मशीन आपल्या मूळच्या ठिपक्यांइतकंच दाखवतं. बाकीचं ते सारखं करतं, ओढून-ताणून भरतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं आलं. माझ्याही डोक्यानं पाच आठवडे हेच केलं. रोजचा कंडक्टर, रोजचे चेहरे, पाठ असलेली समीकरणं ह्यांनी मधली भोकं भरून काढली. घाबरलेलं माणूस फार हुशार असतं. मला आजही त्या हुशारीचीच जास्त भीती वाटते, सुईची त्या मानानं कमी.

सात इंजेक्शनं झाली. डाग विरला, पण पुरता गेला नाही. डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी एक जागा कायमची गेली आहे. रंग परत आले. कडुलिंबाची फुलं मला पुन्हा एकेक वेगळी दिसतात, हे काही थोडं नाही. रफिकभाईंची मी माफी मागितली. ते म्हणाले, “छोडो मॅडम, आप देख रए ना, बस.” प्रज्ञा कॉलेजात गेली. वर्गातला प्रोजेक्टरही गेला, त्या जागी आता भिंतीएवढा चकचकीत पॅनेल आहे. त्याला पडदे ओढावे लागत नाहीत. त्याचे शब्द मी शिकले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी मला एक कार्ड दिलंय. पांढऱ्यावर काळ्या चौकटी, आमच्या आलेखाच्या कागदासारख्या, मध्ये एक टिंब. रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा आणि टिंबाकडे बघायचं. चौकटी सरळ दिसल्या तर दिवस सुरू. मी ते कार्ड देवघराजवळ लावलंय, पण पूजा आणि कार्ड ह्यांत मला जास्त धास्ती कार्डाची. रोज उजव्या डोळ्यावर तळहात ठेवते. दोन वर्षं झाली, सवय झाली नाही.

आज सकाळी सात वाजता मी कार्डापुढं उभी राहिले. खिडकीतून तो वास येत होता. टिंबाच्या उजवीकडची तिसरी रेघ मला किंचित आत गेल्यासारखी वाटली. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. उजेड कमी असेल म्हणून कार्ड खिडकीशी नेलं. मग मी पुन्हा तेच करतेय हे माझं मला कळलं, आणि हे चहा पीत बसले होते तिथं जाऊन मी कार्ड त्यांच्यासमोर धरलं.

“ह्या रेघा सरळ आहेत ना?” मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. मला त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, आणि तो मला हवाय हे त्यांना कळत होतं. माझ्यावर जीव आहे त्यांचा. एक शब्द देणं काही अवघड नव्हतं.

“मला सरळ दिसायल्यात,” ते म्हणाले. “तुला?”

मी मान हलवली. नाही.

ते उठले आणि पायानंच पलंगाखाली चपला शोधायला लागले.